भुजंगराव दफेदारानं सलाम का केला नाही

म्हैसुरात पोलिसाशी कसं बोलायचं ते माणसं त्याचा खांदा आणि दंड बघून ठरवतात. दंडावर काहीच नसलं तर तो शिपाई. त्याला रिक्षावालासुद्धा हात हलवून पुढं जातो. दंडावर तीन फिती आल्या की दफेदार. दुसरीकडं ह्यालाच हेड कॉन्स्टेबल म्हणतात, इथं जुना शब्द राहिलाय. फिती जाऊन खांद्यावर एक तारा आला, खाली लाल-निळी पट्टी आली, की एएसआय. दोन तारे सबइन्स्पेक्टर, तीन तारे इन्स्पेक्टर. पुढं पट्टी जाते, नुसते तीन तारे उरतात, तो एसीपी. तिथून वरच्या माणसांना खालचं दिसायचं बंद होतं.

भुजंगराव तीन फितींचा. वय एकोणसाठ, रिटायर व्हायला पाच महिने. ताऱ्याच्या यादीत नाव पहिलं, यादी पुढच्या महिन्यात निघायची. ह्या एका ताऱ्याची त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला, गोदाला, जास्त आस. त्याचं कारण जुनं आहे. ह्यांची घराणी म्हैसूरच्या राजाच्या फौजेतली. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, जो सरकारच्या घोड्यावर बसायचा तो बारगीर. घोडे मरून किती पिढ्या झाल्या, पण ह्यांच्या लग्नात विडा अजून शिलेदाराच्या घराला आधी आणि बारगिराच्या घराला मागनं. गोदा शिलेदाराची लेक, बारगिराच्या घरात दिलेली. चौतीस वर्षं ती मागनं आलेला विडा चघळत होती. नवरा तारा लावून मांडवात शिरला तर कोण मागं बसवतो ते बघते, असं ती उघड म्हणायची.

आणि यादीच्या तोंडावर भुजंगरावानं साहेबाला सलाम केला नाही.

झालं ते असं. बन्नूरचा रस्ता शहरात शिरतो तिथल्या सर्कलवर त्याची ड्यूटी. उताराची जागा. सकाळी पावणेनऊला शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, आणि त्याच वेळी बन्नूरकडनं उसाचे ट्रॅक्टर येतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. असल्या ट्रॅक्टरला ब्रेक असून नसल्यासारखा. ड्रायव्हर पोलिसाच्या हाताकडं बघूनच काय तो थांबतो. त्या सकाळी भुजंगरावाचा उजवा हात असाच एका ट्रॅक्टरपुढं सरळ उभा होता आणि डाव्या हातानं तो पोरं पलीकडं काढत होता. तेवढ्यात मोकळ्या बाजूनं साहेबाची गाडी आली. साहेब म्हणजे एसीपी, चार महिन्यांपूर्वी आलेला, वय चौतीस-पस्तीस. भुजंगरावानं गाडी बघितली. नंबर बघितला, काचेमागचा माणूस बघितला. मान वळवून त्यानं नजर दिली, दोन्ही हात अडकलेल्या माणसानं द्यायची तेवढी. हात हलवला नाही. गाडी गेली, पोरं पार झाली, मग ट्रॅक्टर सोडला.

चौकात पॉइंटवर उभ्या माणसाचा हात वाहनं थोपवण्यात असेल तर त्यानं सलाम करायचा नसतो. भुजंगराव चार वर्षं भरतीच्या पोरांना कवायत शिकवायला होता, त्यानं हे शंभरदा घोकून घेतलेलं. पण साहेबाच्या शेजारी त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातला त्याचा बरोबरीचा अधिकारी बसला होता, पाहुणा. ड्रायव्हरनं नंतर कँटीनमधे सांगितलं, की पाहुणा हसून म्हणाला, तुझ्या गावात सिग्नलचे खांब तुला ओळखत नाहीत वाटतं. बस. एवढ्यासाठी दुपारी चारला मेमो आला. वरिष्ठांचा जाणूनबुजून अवमान, तीन दिवसांत लेखी खुलासा. चार महिन्यांत ज्यानं कुणाच्या सलामाला मोबाईलवरनं मान उचलून उत्तर दिलं नव्हतं, त्याचा अवमान झाला.

इन्स्पेक्टरनं भुजंगरावाला बोलावून सांगितलं, की ह्याच्यात काही नाही, सगळे लिहितात तेच लिही. ‘वाहतुकीच्या गर्दीत साहेबांची गाडी नजरेस आली नाही, क्षमा असावी.’ साहेब तोंडी ताकीद देतील, मेमो बंद होईल, तारा येईल. गुरुराजनंही तेच सांगितलं. हा गुरुराज दफेदारच, यादीत भुजंगरावाच्या खालचा. भुजंगराव गळाला तर तारा त्याला, म्हणजे त्यानं गप्प बसण्यात त्याचा फायदा. पण गडी मनाचा सरळ.

“अण्णा, डोळ्यात उसाचं पाचट गेलं असं लिही,” तो म्हणाला. “पाच महिन्यांनी घरी बसून वहिनीला रोज सलाम ठोकायचाच आहे, आत्ता एक ओळ लिहायला हात का झिजतो?”

भुजंगराव हसला नाही. त्यानं मेमो घडी करून खिशात घातला आणि ड्यूटीवर गेला. इन्स्पेक्टरला वाटलं म्हातारा अकडलाय. अकड नव्हती ती. ‘नजरेस आलं नाही’ हे शब्द त्यानं आधी एकदा सही करून दिले होते, आणि त्यांचं काय होतं ते त्याला माहीत होतं.

बावीस वर्षांमागची गोष्ट. त्या वेळी भुजंगराव नुसता शिपाई. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सर्कलवर संताजीराव पॉइंटला आणि भुजंगराव कडेला. संताजीराव म्हणजे गोदाचा थोरला भाऊ, ह्याचा मेहुणा, लग्नाच्याही आधी त्यानंच ह्याला खात्यात आणलेलं. त्या काळी तिथं एक अधिकारी होता. त्याला गाडीतनं जाताना प्रत्येक पॉइंटवर सलाम लागायचा. नियम त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती. त्याच आठवड्यात सलाम चुकला म्हणून त्यानं दोघा शिपायांच्या रजा कापल्या होत्या. संताजीरावानं पिरियापट्टणकडनं तंबाखूचे बोद घेऊन आलेली एक लॉरी उजव्या हातानं थोपवली होती. समोरनं एक दूधवाला सायकलवरनं रस्ता ओलांडत होता. अधिकाऱ्याची गाडी दिसली आणि संताजीरावाचा थोपवलेला हात भीतीनं आपोआप कपाळाला गेला. लॉरीवाल्याला दिसलं ते एवढंच, की पुढचा हात निघाला. त्यानं गाडी सोडली. दूधवाला पुढच्या चाकाखाली गेला. अधिकाऱ्याची गाडी थांबलीसुद्धा नाही. सलाम मिळाला होता.

संध्याकाळी ठाण्यात जबाब तयारच होता, टाइप केलेला. पॉइंटवरील शिपायाचा हात शेवटपर्यंत थोपवलेला होता, लॉरीचालकानं इशारा तोडून गाडी घातली. सलाम केल्याचं माझ्या नजरेस आलं नाही. संताजीराव बाकड्यावर बसून ओकत होता. मेहुण्याची नोकरी, बायकोचं माहेर, स्वतःची नोकरी, सगळं त्या कागदावर. भुजंगरावानं सही केली. लॉरीवाल्याला दोन वर्षांची सजा झाली. त्याचं नाव बोरेगौडा. संताजीराव त्यानंतर नऊ वर्षं जगला, त्यातली शेवटची पाच दारूत. तो लिव्हर गेल्यानं मेला असं सगळे म्हणतात, भुजंगरावही म्हणतो.

खुलाशाच्या मुदतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या आधी भुजंगराव कागद घेऊन बसला तेव्हा गोदा चुलीपुढनं उठून आली. चूल म्हणायची सवय, गॅसच तो. तिनं वाचलं. तिला कानडी वाचता येतं, मराठी नाही. भुजंगरावानं लिहिलं होतं कानडीतच. पहिला कागद चार ओळींचा: गाडी पाहिली, हात ट्रॅक्टरपुढं होता, म्हणून सलाम केला नाही. ते वाचून तिनं कपाळाला हात लावला. मागं आणखी दोन कागद होते, बावीस वर्षांमागचे. ते वाचून तिचा हात कपाळावरनं खाली आला.

“माझा भाऊ मेलाय. मेलेल्याला कशाला उकरालाय?”

“त्याचं न्हाई उकरत. माझं उकरतोय. सही माझी हाय.”

“बावीस वर्सं गिळलासा, आन आता पाच म्हैनं गिळवंना व्हय? तारा खांद्यावर घ्या, रिटायर व्हा, मग काय ती शुद्धी करा की तुमची.”

ती खरं तेच बोलत होती. बावीस वर्षांत बोरेगौडाचं गाव कुठं आहे ते त्याला माहीत होतं, बस कुठली जाते ते माहीत होतं, आणि तो एकदाही गेला नव्हता. त्यानं चार ओळींचा कागद वरच्या खिशात घातला आणि बाकीचे दोन आतल्या. दोन कागद द्यायचे की नाही ते त्याचं ठरलं नव्हतं. गोदानं त्या दिवशी त्याला डबा दिला नाही.

साहेबानं सुनावणी ठेवली अकराला. ह्याला ऑर्डर्ली रूम म्हणतात. खालच्याला वरच्यापुढं उभं करायची इंग्रजापासूनची पद्धत. दाराबाहेर टोपी काढून घेतात, कमरेचा पट्टा काढून घेतात, मग लेफ्ट-राइट करत आत नेतात. एकोणचाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस केस विस्कटलेला, पोट सुटलेला, पँट हातानं सावरत नेला की त्याची निम्मी शिक्षा तिथंच होते. इन्स्पेक्टरनं त्याला आत नेलं, थांबवलं. भुजंगराव सावधानमधे उभा राहिला. साहेब फायलीत बघत होता. बाजूला लिहून घेणारा रायटर बसलेला. थोड्या वेळानं साहेबानं वर बघितलं.

“इथंपण सलाम नाही?”

“टोपी नाही, सार. उघड्या डोक्यानं सलाम नसतो.”

इन्स्पेक्टर खोकला. साहेबाला नियम आठवला की नाही कळलं नाही, पण कान तांबडे झाले. त्यानं खुलाशाचा कागद वाचला आणि टेबलावर सरकवून दिला. वयानं बापाएवढ्या माणसाला तो पहिल्यापासून अरेतुरे करत होता. हे काय लिहिलंस, म्हणाला. गाडी पाहिली म्हणतोस आणि सलाम केला नाही म्हणतोस, म्हणजे तू कबूलच केलंस. दुसरा कागद घे, नजरेस आली नाही असं लिही, मी सोडून देतो. तुझा तारा अडवण्यात मला काय मिळणार आहे? साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो मेहेरबानी करतोय. ह्याच गोष्टीनं भुजंगरावाचं डोकं फिरलं. माणूस खरं लिहून देतोय तर गुन्हा, आणि खोटं लिहून दिलं तर माफी. आणि हे सांगणारा कायद्याची परीक्षा पास होऊन आलेला.

“नजरेस आलं नाही असं मी एकदा लिहून दिलंय, सार,” भुजंगराव म्हणाला. “परत लिहिणार नाही.”

आणि त्यानं तिथंच सगळं सांगितलं. सर्कल, लॉरी, दूधवाला, टाइप केलेला जबाब. आवाज चढवला नाही. पँट एका हातानं धरलेली होती ती तशीच. रायटरनं सवयीनं पेन उचललं आणि लिहायला लागला.

“हे लिहू नको,” साहेब रायटरला म्हणाला.

त्या वेळचा तो अधिकारी पुढं फार मोठा होऊन रिटायर झालेला. त्याचं नाव ह्या खोलीतल्या कागदावर यायला नको होतं, हे साहेबाच्या तोंडावर वाचता येत होतं.

“लिहून घ्या की, सार,” भुजंगराव म्हणाला. “सलाम घ्यायचा तुमचा हक्क, तसं हे लिहून घ्यायचं तुमचं काम. पगार त्याचाच आहे.”

“बाहेर जा. मेमो बंद. तोंडी ताकीद. आणि हे जे बोललास ते मी ऐकलेलं नाही.”

बाहेर आल्यावर इन्स्पेक्टरनं त्याच्या हातात टोपी आणि पट्टा दिला. घामाघूम झाला होता बिचारा. सुटलास, तारा आला म्हणून समज, आता घरी जाऊन झोप, असं म्हणाला. आणि खरंच होतं ते. मेमो गेला होता, यादीतलं नाव जागेवर होतं, गोदाचा मांडव जागेवर होता. मुकाट जिना उतरला असता तर काहीच बिघडलं नसतं. भुजंगरावानं पट्टा आवळला, टोपी डोक्यावर बसवली, काठ नीट केला, आणि पुन्हा दार लोटून आत गेला. दोन कागदांचं त्याचं ठरलं होतं. साहेबानं ‘लिहू नको’ म्हटलं तेव्हाच ठरलं होतं.

आता टोपी डोक्यावर होती. त्यानं टाच आपटली आणि सलाम ठोकला. पंजा उघडा, बोटं जुळलेली, कोपर खांद्याच्या रेषेत. भरतीच्या पोरांना दाखवावा असला. साहेब मोबाईलवर होता. त्यानं माशी हाकलावी तसा डावा हात हलवला. भुजंगरावानं हात खाली घेतला नाही. वरिष्ठानं उत्तर दिल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, आणि माशी हाकलणं हे उत्तर नव्हे. रायटर एकदा ह्याच्याकडं बघायचा, एकदा त्याच्याकडं. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकोणसाठ वर्षांचा दंड, तरी हात कपाळालाच. शेवटी साहेबानं मोबाईल ठेवला, खुर्चीत सरळ झाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा उजवा हात वर केला. मगच भुजंगरावाचा खाली आला. त्याच हातानं त्यानं दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

“पोच द्या, सार. नाही दिली तर हाच कागद रजिस्टर पोस्टानं कमिशनरांना जाईल. दुसरी प्रत घरी आहे.”

दुसरी प्रत घरी नव्हती. पण साहेबाला ते माहीत नव्हतं. त्यानं सही केली, शिक्का मारला.

यादी निघाली. गुरुराजला तारा आला. भुजंगरावाच्या नावापुढं ‘चौकशी प्रलंबित’. त्याला सर्कलवरनं काढून टपालाच्या टेबलावर बसवलं. गुरुराज पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. भुजंगरावानं उठून त्याला सलाम केला, आणि गुरुराजनं अण्णा अण्णा करत त्याचा हात धरायला बघितलं तेव्हा भुजंगराव त्याच्यावर खेकसला. लोंबकाळू नकोस, उत्तर दे, तारा काय पेढे वाटायला मिळालाय का. पेढा मात्र खाल्ला. गोदा दोन आठवडे बोलली नाही. नंतर बोलली ती एवढंच, की भावाची तसबीर तिनं पुढच्या खोलीतनं आतल्या खोलीत नेलीय, कुणी विचारलं तर काच फुटली म्हणून सांगा. भुजंगराव म्हणाला, मी तसलं काही सांगणार नाही. त्यावर परत दोन आठवडे.

चौकशीची तारीख पडली तेव्हा रिटायर व्हायला सोळा दिवस होते. ऑफिसच्या पडवीत बाकड्यावर साक्षीला बोलावलेला एक म्हातारा बसला होता, तळवे काळे, नखं पिवळी. पिरियापट्टणच्या बाजूला तंबाखूच्या भट्टीवर राबणाऱ्याचे हात तसेच असतात. भुजंगरावानं ओळखलं नाही, त्यानं ओळखलं.

“तूच का तो कडेला उभा होतास?”

भुजंगराव म्हणाला, होय.

मग बोरेगौडा बोलायला लागला, कानडीत, हळू, पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोन वर्षं आत होतो, म्हणाला. बाहेर आलो तर लायसन नाही. दूधवाल्याची बायको कोर्टात माझ्या तोंडावर थुंकली, ते मी पुसलंसुद्धा नाही. मला दिसला होता हात निघालेला, पण दोन पोलीस सांगतात नाही निघाला, कागद सांगतो नाही निघाला, जज्ज सांगतो. मग मीच म्हणायला लागलो की नसेल निघाला. माझ्या बापाला शेवटी कमी दिसायचं, मला वाटलं मलाही तेच लागलं असेल. तेव्हापासून मी सायकलसुद्धा चालवली नाही. पोराला गाडीवर बसवून कधी शाळेत सोडलं नाही.

“हात निघाला होता,” भुजंगराव म्हणाला. “तुझे डोळे चांगले होते.”

“आता सांगतोस होय रे, भाडखाऊ. बावीस वर्षं तोंडात काय घालून बसला होतास?”

पडवीतले दोन शिपाई पुढं आले. फिती लावलेल्या माणसाला बाहेरचा माणूस शिवी देतोय, म्हणजे धरायला पाहिजे. भुजंगरावानं त्यांना हातानं तिथंच थांबवलं. बोरेगौडा आईवरनं, बायकोवरनं, तीन फितींवरनं जे जे आलं ते बोलला. भुजंगरावानं मधे तोंड घातलं नाही. माफी मागितली नाही. मागितली असती तर बोरेगौडानं तोंडावर मारली असती, आणि बरोबर केलं असतं.

आतनं बोरेगौडाचं नाव पुकारलं. तो उठला, धोतराचा सोगा झटकला.

“मेलेल्याचं नाव सांगणार आहे आत,” तो म्हणाला. “गाडीतल्याचंही. आणि तुझंपण.”

“माझं पहिलं सांग,” भुजंगराव म्हणाला, आणि बाजूला होऊन त्याला दार उघडून दिलं.